रतीब बंद झाला तेव्हा

१९६३ साली अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दुधापैकी जवळजवळ ३० टक्के दूध घरोघरी रतीबाने जात होतं. १९७५ साली हे प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास आलं. मध्ये फक्त बारा वर्षं. तेवढ्यात पहाटेच्या गाड्या, काचेच्या बाटल्या, दाराशी ठेवलेली दुधाची पेटी आणि महिन्याचा हिशेब असा सगळा पसाराच मोडला.

मी पेन्सिल्व्हेनियात राहते. इथे दिवसरात्र उघड्या असलेल्या दोन दुकानांची नावं रस्त्यावर सतत दिसतात. पूर्वेकडे, फिलाडेल्फियाच्या बाजूला, वावा. पश्चिमेकडे आणि मधल्या डोंगराळ भागात शीट्झ. पेट्रोल भरायचं, कॉफी घ्यायची, रात्री उशिरा काही गरम खायचं, लांबच्या प्रवासात स्वच्छ प्रसाधनगृह शोधायचं, की माणसं इथे वळतात. मीही वळते. बर्फ पडत असताना डोंगरातल्या काळोख्या रस्त्यावर लांबून तो उजेड दिसला की किती धीर येतो, ते इथे हिवाळ्यात गाडी चालवलेल्या कुणालाही विचारा. पण ही दोन्ही दुकानं मुळात डेअरीवाल्या घराण्यांची आहेत आणि दोन्ही आजही त्या घराण्यांच्याच हातात आहेत, हे मला बरंच उशिरा कळलं. तेव्हापासून मी हा इतिहास मिळेल तिथून वाचत आले आहे. रतीब मोडल्यावर बहुतेक डेअऱ्या बंद पडल्या किंवा मोठ्या कंपन्यांनी गिळल्या. काही थोड्या मात्र दुकानं झाल्या. त्या का टिकल्या, हे मला समजून घ्यायचं होतं.

वावाची गोष्ट दुधाच्याही आधी, लोखंडापासून सुरू होते. वुड हे फिलाडेल्फियाच्या परिसरातलं, क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं जुनं घराणं. १८०३ मध्ये डेव्हिड वुड यांनी न्यू जर्सीतल्या मिलव्हिल गावात लोखंडाची भट्टी काढली. पुढे त्याच गावात घराण्याची कापड गिरणी उभी राहिली. विसाव्या शतकाच्या तोंडावर घराण्यातले जॉर्ज वुड फिलाडेल्फियाच्या पश्चिमेला वावा नावाच्या गावाकडे ओढले गेले. तिथे त्यांनी जमीन घेतली, गर्न्सी जातीच्या गाई आणल्या आणि १९०२ मध्ये डेअरी सुरू केली. दुकानांना नाव मिळालं ते या गावाचं, आणि खुणेला उडता हंस.

त्या काळात शहरातलं दूध हे भीतीचं कारण होतं, हे आता विसरायला झालं आहे. पाश्चरायझेशन सगळीकडे पोचलं नव्हतं. गलिच्छ गोठ्यांतलं, उन्हात तासन् तास फिरलेलं, पाणी घातलेलं दूध पिऊन लहान मुलं दगावत. म्हणून डॉक्टरांच्या मंडळांनी काही डेअऱ्यांची तपासणी करून त्यांच्या दुधाला प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली. गाई निरोगी हव्यात, गोठा धुतलेला हवा, धार काढणाऱ्याचे हात स्वच्छ हवेत, दूध लगेच थंड करून बाटलीबंद व्हायला हवं. वावाने विकलं ते असं प्रमाणित दूध. बाटलीतून आरोग्य विकत घ्या, अशा अर्थाची त्यांची जाहिरात होती. आज ती भाबडी वाटेल, पण ज्या घरात जुलाबाने मूल गेलेलं असे, त्या घराला तिचा अर्थ नीट कळत होता. साठ वर्षं हा धंदा चालला. मग तो सुकायला लागला.

त्याचं कुठलंही एक कारण सांगता येत नाही. घरोघर फ्रिज आले, तेव्हा दूध रोज घ्यायची गरज संपली. मेणकागदाचे खोके आले आणि बाटल्या परत गोळा करायचं काम गेलं. सुपरमार्केटांनी गिऱ्हाईक ओढण्यासाठी दूध स्वस्तात विकायला घेतलं. महायुद्धानंतर शहराबाहेर नव्या वसाहती पसरल्या. फिलाडेल्फियाजवळची लेव्हिटाउन ही अवाढव्य वसाहत १९५२ मध्ये सुरू झाली. अशा ठिकाणी घरं लांब लांब, आणि घरटी एक गाडी. दुधाच्या गाडीला अंतर वाढलं, गिऱ्हाईक कमी झालं. त्यातून कामावर जाणाऱ्या बायका वाढल्या, त्यामुळे दिवसा दार उघडायला घरी कुणी नसे. दुधाची गोडी तीच होती, पण माणसांच्या घरी असण्याच्या वेळा बदलल्या होत्या.

जॉर्ज वुड यांचे नातू ग्रॅहम वुड यांच्यापुढे दोन बुडते धंदे होते. कापड दक्षिणेकडे आणि परदेशात चाललं होतं, दूध सुपरमार्केटात. गिरणीवाल्या आणि डेअरीवाल्या माणसाला सहज सुचणारा मार्ग म्हणजे खर्च कापणं, माणसं कमी करणं, भाव वाढवणं. त्यांनी वेगळा विचार केला. दूध दारापर्यंत नेणं परवडत नसेल, तर गिऱ्हाईक गाडीने येईल अशा जागी दुधाचं कपाट नेऊन ठेवावं. सोबत पाव, अंडी, थंड मांसाचे काप, घरात ऐनवेळी संपणाऱ्या चार वस्तू. शेजारच्या ओहायो राज्यात अशी दुधाची दुकानं आधीपासून चालत होती. १६ एप्रिल १९६४ रोजी फिलाडेल्फियाच्या उपनगरातल्या फॉल्सम इथे पहिलं वावा उघडलं. या दुकानाचं खरं काम डेअरीचं दूध खपवणं हे होतं. सुपरमार्केटच्या लांबलचक ओळी टाळून दोन मिनिटांत बाहेर पडता येणं हा त्याचा सगळा डौल.

शीट्झचा जन्म अगदी वेगळ्या मातीत झाला. अल्टूना हे गाव पेन्सिल्व्हेनिया रेलरोड या रेल्वे कंपनीने १८४९ मध्ये मुद्दाम वसवलं. ॲलेगेनी डोंगर चढायचा तर इंजिनं दुरुस्त करायची, जोडायची जागा हवी होती. १८५४ मध्ये पूर्ण झालेलं घोड्याच्या नालेसारखं तिथलं रेल्वेचं वळण बघायला आजही लोक जातात. रेल्वेच्या कारखान्यांत हजारो माणसं कामाला होती. वाफेची इंजिनं गेली, डिझेल आलं, ट्रक वाढले, आणि गाव उताराला लागलं. त्याच उतारावर, १९५२ मध्ये, बॉब शीट्झ या तरुणाने वडिलांच्या पाच डेअरी-दुकानांपैकी एक विकत घेतलं. वडिलांकडून विकत घेतलं, आयतं मिळालं नाही, हा तपशील मला महत्त्वाचा वाटतो. काही वर्षांनी धाकटा भाऊ स्टीव्ह आधी फावल्या वेळात आणि मग पूर्ण वेळ सोबत आला. दुसरं दुकान निघायला १९६३ साल उजाडलं. अकरा वर्षं एकच दुकान! आज धंद्याच्या गप्पांमध्ये वाढीचे जे आकडे फेकले जातात, त्यांच्या शेजारी ही अकरा वर्षं ठेवून बघावीत. १९७२ पर्यंत दुकानं चौदा झाली आणि १९८३ मध्ये शंभर. तोवर ज्या रेल्वे कंपनीने गाव वसवलं होतं, तिचं विलीनीकरण होऊन नवी कंपनी १९७० मध्येच दिवाळखोरीत गेली होती. अल्टूनातल्या मुलांना नोकरी देणाऱ्यांत आता रेल्वेच्या बरोबरीने एका दूधवाल्याच्या मुलाचं नाव घेतलं जाऊ लागलं.

एवढं वाचून डेअरी असली आणि दुकान काढलं की जमलं, असं वाटू शकतं. तसं नाही. ज्यांना जमलं नाही, किंवा ज्यांनी हात सोडला, त्यांच्या गोष्टी मला या दोघांच्या गोष्टींइतक्याच बोलक्या वाटतात.

ओहायोतल्या लॉसन यांनी १९३९ मध्ये आपल्या डेअरीचं दुकान काढलं, म्हणजे वावाच्या पंचवीस वर्षं आधी. दुकानं वाढली. १९५९ मध्ये ती एका बड्या अन्नकंपनीला विकली गेली. त्या कंपनीने सत्तरच्या दशकात जपानच्या दाईएई या कंपनीशी करार केला आणि १९७५ मध्ये ओसाकाजवळ जपानमधलं पहिलं लॉसन उघडलं. आज जपानमध्ये चौदा हजारांहून अधिक लॉसन आहेत. निळ्या पाटीवर पांढरा दुधाचा कॅन आहे. त्या कॅनचं कूळ ओहायोतल्या गोठ्यात आहे, हे तिथल्या किती गिऱ्हाइकांना माहीत असेल? आणि खुद्द ओहायोत १९८५ मध्ये ही दुकानं पुन्हा विकली गेली, पाट्या बदलल्या, नाव पुसलं गेलं. जगभर गाजलेलं नाव स्वतःच्या गावी उरलं नाही.

दुसरी गोष्ट सेव्हन-इलेव्हनची. डॅलसमध्ये १९२७ साली बर्फाच्या वखारीत बर्फासोबत दूध, पाव, अंडी विकायला सुरुवात झाली, तिथून हा सगळा प्रकारच जन्माला आला. थॉम्पसन घराण्याने तो देशभर नेला. कंपनी शेअरबाजारात होती. १९८७ मध्ये बाहेरच्या खरेदीदारांच्या भीतीने घराण्यातल्या भावांनी प्रचंड कर्ज काढून ती परत विकत घेतली. त्याच वर्षी ऑक्टोबरात बाजार कोसळला. व्याजाचा डोंगर पेलेना. १९९० मध्ये दिवाळखोरी, आणि १९९१ मध्ये ७० टक्के मालकी जपानच्या इतो-योकादो समूहाकडे. सत्तर वर्षांच्या आत घराणं बाहेर. दुकानं चालत होती, गिऱ्हाईक येत होतं, आणि तरीही घर गेलं, ते कर्जामुळे.

म्हणून घराण्याची मालकी हा जिव्हाळ्याचा किंवा कुटुंबवत्सलतेचा विषय आहे, असं मी मानत नाही. मला ती वेळ विकत घेण्याची सोय वाटते. ज्याच्या दारात दर तीन महिन्यांनी नफ्याचा आकडा मागणारं कुणी उभं नाही, त्याला एक दुकान अकरा वर्षं चालवून शिकता येतं. त्याला पडेल अशी गोष्ट करून बघता येते आणि पडली तर गुपचूप मागे घेता येते. आणि मुख्य म्हणजे आपण अमुकच धंद्यातले, हा हट्ट सोडता येतो.

हा हट्ट दोघांनीही अनेकदा सोडला. शीट्झने १९७३ मध्ये दुकानाबाहेर स्वतः भरायचे पेट्रोल पंप लावले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेलाची नाकेबंदी केली आणि पंपांवर रांगा लागल्या. अशा वर्षी पेट्रोलमध्ये शिरलेला दूधवाला टिकला, ही सोपी गोष्ट नाही. वावाने पेट्रोलला हात लावला तो थेट नव्वदच्या दशकात, वीस वर्षांनी. दोघांचंही गणित पुढे एकाच जागी आलं: पेट्रोलवर सुटणारा नफा अगदी पातळ असतो, पण पेट्रोल माणसाला रस्त्यावरून आत वळवतं, आणि पैसा मिळतो तो आत. (न्यू जर्सीत मात्र स्वतः पेट्रोल भरायला १९४९ पासून कायद्याने बंदी आहे. तिथल्या वावामध्ये पेट्रोल भरून द्यायला माणसं ठेवावी लागतात. एकाच घराण्याची दुकानं दोन राज्यांमधल्या नदीच्या दोन काठांवर दोन रीतींनी चालतात.)

आत काय विकायचं, हाही प्रश्न होताच. सिगारेटी, शीतपेयं आणि चिप्सवर ही सगळी दुकानं कितीतरी वर्षं चालली. सिगारेट ओढणारे घटत जाणार, हे ऐंशीच्या दशकात दिसू लागलं होतं. शीट्झने १९८६ मध्ये मागणीनुसार समोर सँडविच बनवून द्यायला सुरुवात केली आणि नव्वदच्या दशकात त्यासाठी टचस्क्रीन आणले. पेट्रोल पंपावरचं अन्न म्हणजे सकाळपासून दिव्याखाली वाळत पडलेलं काहीतरी, हा लोकांचा पक्का अनुभव होता. तो मोडायला पैशांपेक्षा चिकाटी जास्त लागली असणार. वावाकडे फिलाडेल्फियाची होगी होती: लांब पाव, आत मांस, चीज, कांदा, तेल, ओरेगॅनो. शहराच्या इटालियन वस्तीतलं हे कामगारांचं जेवण वावाने उपनगरात, आणि पुढे शेजारच्या राज्यांत नेलं. २०१२ च्या निवडणूक प्रचारात राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार मिट रॉम्नी वावाच्या टचस्क्रीनवर सँडविच मागवून थक्क झाले आणि त्याचीच बातमी झाली. इथल्या लोकांना आश्चर्य वाटलं ते त्यांच्या थक्क होण्याचं. त्यांच्या दृष्टीने ती रोजची गोष्ट होती.

मला या सगळ्यात सर्वांत जास्त रस आहे तो मालकीच्या कागदात. घराणं तिसऱ्या-चौथ्या पिढीत जातं, तेव्हा वडिलोपार्जित शेताचे तुकडे पडतात तसे शेअरचे पडतात. पन्नास चुलत-मावस भावंडं, त्यांतली पाच धंद्यात, बाकीची डॉक्टर, शिक्षक, चित्रकार. त्यांना घर बांधायचं असतं, मुलांची शिक्षणं असतात. त्यांनी पैसे मागितले तर तो लोभ नव्हे, तो त्यांचा हक्क आहे. पण त्यांचे शेअर घेणार कोण? बाहेरचा घेतो, आणि मग एक दिवस सगळंच घेतो. घराण्यांचे बहुतेक धंदे अशा वेळी विकले जातात.

वावाने १९९२ मध्ये यावर एक वाट काढली. अमेरिकेत १९७४ च्या निवृत्तिवेतन कायद्याने कामगारांना कंपनीचे शेअर मिळवून देणाऱ्या विश्वस्त निधीला पक्का आधार दिला होता. कंपनी या निधीत शेअर टाकते. ते पगाराच्या प्रमाणात कामगारांच्या नावे जमा होत जातात. कामगाराला खिशातून काही घालावं लागत नाही. कंपनी बाजारात नसल्यामुळे शेअरचा भाव दरवर्षी बाहेरचा मूल्यांकनकार ठरवतो. माणूस निवृत्त झाला की शेअर परत देऊन पैसे घेतो. आज वावाची सुमारे ४० टक्के मालकी अशा रीतीने कामगारांकडे आहे आणि उरलेल्यातला मोठा वाटा वुड घराण्याकडे. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागातलं स्ट्युअर्ट्स हेही असंच, डेक नावाच्या डेअरीवाल्या घराण्याचं. आजही स्वतःचं दूध आणि आईस्क्रीम बनवणारं, आणि मालकीत कामगारांना मोठा वाटा देणारं. विस्कॉन्सिनच्या क्विक ट्रिपने निराळा मार्ग धरला. तिथे झिटलो घराणं करपूर्व नफ्यातला ४० टक्के भाग कामगारांत वाटतं.

मला हे मनापासून आवडतं. रात्री दोन वाजता कॉफीचं भांडं धुणाऱ्या माणसाच्या नावावर त्या भांड्याचा, त्या दुकानाचा काही अंश असावा, यात न्याय आहे. गल्ल्यावर वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या माणसाला निवृत्तीच्या दिवशी घराचं कर्ज फिटेल इतकी रक्कम मिळत असेल, तर ती दया नाही, ती त्याची कमाई आहे.

पण याला दुसरी बाजूही आहे, आणि ती झाकून ठेवणं मला पटणार नाही. २०१५ मध्ये वावाने या योजनेचे नियम बदलले. नोकरी सोडून गेलेल्या अनेकांना आपले शेअर त्या वेळच्या भावाने विकावे लागले. ते पुढेही धरून ठेवता येतील असं आपल्याला सांगितलं होतं, अशी त्यांची तक्रार होती. कंपनी वाढत होती, शेअर चढत होता, आणि नेमकं त्याच वेळी त्यांना बाहेर काढलं गेलं. ते न्यायालयात गेले. २०१८ मध्ये अडीच कोटी डॉलरवर तडजोड झाली. कामगाराला मालक म्हणायचं, आणि मालकाने आपला माल कधी विकायचा हे मात्र दुसऱ्याने ठरवायचं, ही गोष्ट खटकणारी आहे. मालकीत विकण्याचा हक्क येतो, तसा न विकण्याचाही यायला हवा.

नेतृत्वाच्या बाबतीत दोन घराण्यांचे रस्ते फुटले. वावात ग्रॅहम वुड यांच्यानंतर घराण्यातलेच रिचर्ड वुड आले. ते मूळचे वकील, आणि त्यांनी दीर्घकाळ कारभार पाहिला. २००५ मध्ये त्यांनी सूत्रं हॉवर्ड स्टोकेल यांच्याकडे दिली. घराबाहेरचा हा पहिला प्रमुख. २०१३ पासून ख्रिस गायसेन्स आहेत, तेही बाहेरचेच. शीट्झमध्ये मात्र खुर्ची घरातून बाहेर गेलेली नाही. बॉब, मग स्टीव्ह, मग १९९५ मध्ये बॉब यांचा मुलगा स्टॅन, २०१३ मध्ये स्टॅनचे चुलतभाऊ जो, आणि २०२२ पासून ट्रॅव्हिस. यातलं बरोबर काय, ते मी सांगू शकत नाही. सक्षम माणूस घरात सापडत गेला, हे शीट्झचं सुदैवही असेल आणि मेहनतही. मालकी आणि कारभार वेगळे करता येतात हे वावाने दाखवलं, आणि माझा कल त्या बाजूला आहे. मुलाला वारसा द्यावा, पण त्यासोबत खुर्चीही द्यायलाच हवी असं नाही.

तरीही आडनाव पाटीवर असण्याचं एक ओझं असतं, आणि ते शीट्झने २००४ मध्ये उचललं. त्या वर्षीच्या जुलैत सँडविचमधल्या टोमॅटोंमुळे साल्मोनेला या जिवाणूची साथ पसरली. अनेक राज्यांत मिळून चारशेहून अधिक माणसं आजारी पडली. टोमॅटो त्यांनी पिकवलेले नव्हते, कापलेलेही नव्हते. बाहेरच्या पुरवठादाराकडून ते कापून, पिशवीत भरून आले होते. पण गिऱ्हाइकाने पुरवठादाराचं नाव कधी ऐकलेलंच नसतं. त्याला माहीत असते ती पाटी, आणि त्या पाटीवर एका घराचं आडनाव आहे. अल्टूनासारख्या गावात त्या घरातली माणसं किराण्याच्या रांगेत, शाळेच्या सामन्यात, चर्चमध्ये भेटतात. निनावी भागधारकांच्या कंपनीत ही साथ वकिलांच्या खोलीत मिटली असती. इथे ती रस्त्यावर तोंड देऊन सोसावी लागते. शंभर वर्षांपूर्वी डॉक्टरांच्या शिक्क्याचं दूध विकणाऱ्या वुड घराण्यालाही नेमकं हेच कळलेलं होतं: अन्न विकणाऱ्याची खरी पुंजी म्हणजे गिऱ्हाइकाने डोळे मिटून ठेवलेला विश्वास.

या वाढीने काय मोडलं, तेही सांगायला हवं. जुन्या गावांच्या मध्यात एकेकाळी एका माणसाने किंवा एका नवरा-बायकोने चालवलेली कोपऱ्यावरची दुकानं असत. तिथे उधारी चाले, पोराला हाक मारून घरी पाठवलं जाई. ती मोठ्या प्रमाणात गेली. सगळीच काही या साखळ्यांनी बंद पाडली नाहीत. सुपरमार्केटं होती, महामार्ग होते, रिकाम्या झालेल्या गिरण्या होत्या. पण चौकात दिवसरात्र उघडं, स्वस्त पेट्रोल आणि गरम अन्न देणारं दुकान आलं की शेजारच्या छोट्या दुकानाला श्वास घ्यायला जागा उरत नाही. एका घराण्याने टिकण्यासाठी अनेक घरांचे धंदे संपावेत, हे मला बोचतं. आणि हीच रीत त्यांच्या स्वतःच्या जुन्या दुकानांनाही लागू झाली. वस्तीत मिसळलेली, पेट्रोल नसलेली, पायी जाता येणारी लहान वावा दुकानं एकेक करून बंद झाली आणि मोठ्या रस्त्यालगत विस्तीर्ण पंपांची दुकानं उभी राहिली. फॉल्समचं पहिलं दुकानही २०१६ मध्ये बंद झालं. जवळच मोठं बांधलं गेलं. २०२२ मध्ये फिलाडेल्फियाच्या मध्यवस्तीतली दोन दुकानं सुरक्षिततेचं कारण देऊन बंद केली गेली. ज्याच्याकडे गाडी नाही, त्याच्यासाठी या बदलांचा अर्थ सरळ आहे.

लोकांचं प्रेम मात्र विलक्षण आहे. या राज्यात वावा की शीट्झ यावर माणसं खरोखर तावातावाने वाद घालतात. कुणाचं उत्तर काय, यावरून तो राज्याच्या कुठल्या टोकाला वाढला ते ओळखता येतं. मी दोघांमध्ये बसून ऐकते. दूर कॉलेजला गेलेल्या मुलाला घरी परतताना आपल्या बाजूची पहिली पाटी दिसते तेव्हा घर आलं असं वाटतं, हे मी अनेकांकडून ऐकलं आहे. शाळेचा नाच संपल्यावर पोरं तिथे जमली, बाप रुग्णालयात असताना आईने रात्री तिथून सूप आणलं, रात्रपाळीची नर्स पहाटे तिथे थांबली. तीस-चाळीस वर्षं एकाच जागी उघडं राहिलेल्या दुकानात अशा आठवणी आपोआप साठतात. कुठल्याही जाहिरातीला हे जमणार नाही.

आता दोघंही आपापल्या मुलखाबाहेर निघाले आहेत. वावा २०१२ मध्ये एक हजार मैल उडी मारून फ्लोरिडात गेलं, २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलिना आणि अलाबामात, २०२५ मध्ये ओहायोत. शीट्झने २०२४ मध्ये मिशिगनमध्ये पाय ठेवला. दुकानं एकाची हजाराच्या वर, दुसऱ्याची सातशेच्या वर. वावाची डेअरी अजून त्याच गावात आहे. पण तिथलं दूध फ्लोरिडापर्यंत रोज कसं जाणार? डेअरीच्या गाडीने एका रात्रीत गाठता येईल तेवढाच मुलूख, ही जुनी हद्द आता उरलेली नाही. मला याची थोडी काळजी वाटते. मालक, गिऱ्हाईक आणि कामगार एकाच हवामानात राहत होते तोवर बरीच वर्षं धीर धरणं सोपं होतं.

ओहायोतल्या बातमीने मी विशेष थबकले, कारण लॉसनचं नाव तिथूनच पुसलं गेलं होतं. साठ वर्षांपूर्वी ज्या राज्यात दुधाची दुकानं आधीच चालत होती, तिथे आता पेन्सिल्व्हेनियातला हंस पोचला आहे. तिथल्या नव्या दुकानात कामाला लागलेल्या पोरांच्या नावावर काही वर्षांनी किती शेअर जमतात, आणि त्यांनी नोकरी सोडली तर ते कधी विकायचे हे त्यांना स्वतः ठरवता येतं का, याकडे माझं लक्ष राहणार आहे.